ब्लेंडर-मायावरून कॅडकडे जायचंय? सुरुवात कुठून करायची आणि कुठल्या सवयी सोडायच्या

ब्लेंडर, मायासारख्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशनसाठी मॉडेलिंग करणारी बरीच मंडळी आता प्रॉडक्ट डिझाइन, थ्रीडी प्रिंटिंग नाहीतर सरळ मशीन डिझाइनकडे वळायचं म्हणतायत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, सॉफ्टवेअर कुठलं शिकू? प्रश्न बरोबर आहे पण तो दुसऱ्या नंबरचा. आधी हे पक्कं बसायला हवं की दोन्हीकडे स्क्रीनवर दिसतो थ्रीडी आकारच, पण काम करायची रीत उलटी आहे. ब्लेंडर-मायात तुम्ही आकार ओढत, दाबत, फिरवत डोळ्याला बरा दिसेपर्यंत जाता. कॅडमध्ये, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष बनवण्यासाठी डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तुम्ही मापं आणि नाती सांगता, हे भोक मध्यावर, ही कड त्या कडेला समांतर, ही जाडी 6 मिमी, आणि आकार त्यातून निघतो. उद्या जाडी 8 करायची झाली तर तो एक आकडा बदलायचा, बाकी सगळं आपोआप मागे येतं. ही सवय लागली की सॉफ्टवेअर कुठलंही असो, हात बसतो. नाही लागली तर महागडा कोर्स करूनही माणूस त्यात मेश (टोकं आणि कडांची जाळी) ओढायलाच बघतो.

फरक किती खरा आहे ते एका भोकावर बघा. ब्लेंडरमध्ये सर्कल ॲड केलं की डिफॉल्ट 32 व्हर्टेक्स (टोकं) येतात, म्हणजे ते वर्तुळ नाहीच, 32 बाजूंचा बहुभुज आहे. त्याचा व्यास 22 मिमी दिला तर ते 22 भरतं समोरासमोरच्या टोकांमध्ये, समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये भरतं साधारण 21.89. शेड स्मूथ मारलं की दिसायला गोल गरगरीत, पण त्यात 22 चा गोल भाग बसवायला गेलात की अडकणार. ॲनिमेशनमध्ये 0.1 मिमीची कुणाला पडलेली नसते, बेअरिंगच्या सीटवर तेवढ्यात जॉब रिजेक्ट होतो. कॅडमधलं वर्तुळ म्हणजे केंद्र आणि त्रिज्या, कितीही झूम करा. झूम केल्यावर कधी कोपरे दिसलेच तर ते स्क्रीनवर दाखवण्यापुरते, आतली भूमिती अचूक असते. या पद्धतीला बी-रेप म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्या इंजिनाला कर्नल, सॉलिडवर्क्स, ऑनशेप आणि एनएक्सच्या पोटात पॅरासॉलिड आहे, फ्रीकॅडच्या पोटात ओपनकॅस्केड.

आता सॉफ्टवेअरचं बोलू. ब्लेंडरवाल्यांना माझा सल्ला फ्रीकॅड, कारण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि त्यात केलेलं काम विकायला कसलीही आडकाठी नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचं 1.0 आलं आणि जुनी डोकेदुखी बरीच कमी झाली, ती कुठली ते पुढे सांगतो. फ्यूजन वापरायला जास्त सुटसुटीत आहे पण पर्सनल लायसन्स धंद्याच्या कामासाठी नाही आणि एका वेळी 10 च डॉक्युमेंट एडिट करता येतात, शिवाय लिनक्सवर नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही जमतं, फक्त फुकटच्या प्लॅनमध्ये तुमची सगळी डॉक्युमेंट्स जगाला दिसतात, म्हणजे क्लायंटचं काम तिथे करायचं नाही. नोकरीच धरायची असेल तर आधी तुमच्या भागात काय चालतं ते बघा. पुण्याकडे चाकण-पिंपरीच्या गाड्यांच्या कंपन्यांत कॅटिया, एनएक्स आणि क्रिओ मागतात, भोसरीकडे एसपीएम (एका ठरावीक कामाची मशीन्स), जिग-फिक्स्चर (काम धरून ठेवायची साधनं) करणाऱ्या छोट्या युनिट्समध्ये सॉलिडवर्क्स जास्त दिसतं. पण शिकायची सुरुवात फ्रीकॅडवर केली म्हणून काही वाया जात नाही, स्केच, कन्स्ट्रेंट, फीचर, असेंब्ली, ड्रॉइंग हा क्रम सगळीकडे तोच आहे.

माऊसचा त्रास पहिले काही दिवस होणारच. फ्रीकॅडच्या नॅव्हिगेशन स्टाइलच्या यादीत ब्लेंडर नावाची स्टाइलच आहे, ती लावून टाका, हात अडखळला की डोकं शिकत नाही. नंतर ऑफिसच्या मशीनवर बसायची वेळ आली की तिथली डिफॉल्ट शिका, ते दोन दिवसांचं काम आहे.

जुनं काय उपयोगी पडतं? ब्लेंडरमधला मॉडिफायर स्टॅक (आकारावर एकामागोमाग लावलेले बदल) ज्यांना नीट कळलाय त्यांना अर्धं कॅड आधीच कळलंय. मिरर तसाच आहे, ॲरेला इथे पॅटर्न म्हणतात, सरळ रेषेतला आणि गोल फिरणारा असे दोन, बूलियनच्या जागी कट नाहीतर पॉकेट, बेव्हलचे इथे दोन भाऊ होतात, गोलाईला फिलेट आणि तिरक्या कापाला चॅम्फर, सॉलिडिफायच्या जागी शेल नाहीतर थिकनेस, आणि स्क्रू मॉडिफायरने जे आकार फिरवून काढता ते इथे रिव्हॉल्व्ह. फरक इतकाच की तिथे मॉडिफायर शेवटी अप्लाय करून मोकळे होता, इथे अप्लाय करायचंच नसतं. मायावाल्यांना तर जाताना-येताना डिलीट हिस्टरी मारायची सवय असते, इथे ती हिस्टरी म्हणजेच मॉडेल. डावीकडच्या ट्रीमध्ये, फ्यूजन असेल तर खालच्या टाइमलाइनवर, प्रत्येक पायरी जिवंत राहते आणि कधीही मागे जाऊन ती उघडून बदलता येते. चुकलं की कंट्रोल-झेड मारत बसू नका, ज्या स्केचमध्ये चुकलं तिथे जा आणि आकडा सुधारा.

आणि लूप कट, क्वॉड, एज फ्लो, पोल कुठे पडतोय, हे मेशच्या जाळीचं सगळं बाजूला ठेवा. सपाट पृष्ठावर दहा भोकं पाडली तरी ते एकच सपाट पृष्ठ असतं, त्याची टोपॉलॉजी तुम्ही सांभाळायची नसते. बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा मोकळं मोकळं वाटतं आणि मग लगेच अस्वस्थ व्हायला होतं की अरे मग मी करायचं काय. करायचं ते स्केचमध्ये.

स्केच म्हणजे एका प्लेनवरचं टूडी चित्र, त्यातून पुढे जाडी येते. आधी ओबडधोबड काढायचं, माप बघायचंच नाही, रेषा साधारण त्या आकाराच्या आल्या की बास. मग कन्स्ट्रेंट लावायचे, आडवी, उभी, समांतर, काटकोनात, स्पर्शिका, एककेंद्री, समान, सममित, आणि सगळ्यात शेवटी डायमेन्शन. हा क्रम उलटा केला, आधी मापांचा मारा केला, की कन्स्ट्रेंट एकमेकांशी भांडायला लागतात आणि ओव्हर-कन्स्ट्रेंडचा एरर येतो. स्केच पूर्ण बांधलं गेलं की रंग बदलतो, फ्रीकॅडमध्ये ते हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये निळ्याचं काळं. तो रंग आल्याशिवाय स्केच बंद करायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. अर्धवट बांधलेलं स्केच त्या दिवशी छान दिसतं, आठवड्याने एक माप बदलता आणि कुठली तरी सुटी रेषा भलतीकडे पळते. स्केच बांधलं गेलंय का ते तपासायची सोपी युक्ती, एखादा कोपरा माऊसने धरून ओढून बघायचा. हलला म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलंय.

आता प्रत्यक्ष एक पार्ट करू. पहिल्या प्रॅक्टिससाठी नेमा 17 मापाच्या स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या) मोटरचा एल ब्रॅकेट घ्या, कारण ही मोटर थ्रीडी प्रिंटरपासून छोट्या सीएनसीपर्यंत सगळीकडे आहे आणि तिची मापं ठरलेली आहेत: तोंड साधारण 42.3 मिमी चौरस, चार एम3 (3 मिमी स्क्रूची) भोकं 31 मिमीच्या चौरसावर, मध्ये 22 व्यासाचा 2 मिमी उंच गोल उठाव, शाफ्ट बहुतेक वेळा 5 मिमी.

फ्रीकॅडमध्ये पार्ट डिझाइन वर्कबेंच उघडा, बॉडी करा, आणि पहिलं स्केच वायझेड प्लेनवर घ्या, म्हणजे बाजूने दिसणारा एल. इथे एक गोष्ट आधी ठरवा, ओरिजिन (शून्य बिंदू) कुठे? ॲनिमेशनमध्ये आपण कॅरेक्टरच्या पायाशी ठेवतो, इथे मोटरच्या शाफ्टचा मध्य ओरिजिनवर ठेवा, कारण या पार्टमधली सगळी महत्त्वाची मापं तिथूनच मोजली जाणार आहेत. सहा रेषांचा बंद एल काढा, उभ्या प्लेटची मागची कड ओरिजिनवरच्या उभ्या अक्षावर, जाडी 6, पायाची जाडीही 6 पण ती वेगळी न लिहिता समान कन्स्ट्रेंट लावा, शाफ्टपासून वर 25, खाली बुडापर्यंत 30, पायाची लांबी 40. हिरवं झालं? बंद करा, पॅड (स्केचला जाडी देणं) 50 मिमी आणि प्लेनला सिमेट्रिक ठेवा, म्हणजे डावीउजवीकडे 25-25.

दुसरं स्केच एक्सझेड प्लेनवर, भोकांचं. ओरिजिनवर वर्तुळ, व्यास 22.5, त्याच्याभोवती कन्स्ट्रक्शन रेषांचा 31 चा चौरस, ओरिजिनभोवती सममित, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वर्तुळं, चारही समान, एकालाच 3.4 व्यास. बंद करून पॉकेट, थ्रू ऑल. इथे बरेच जण गोंधळतात कारण पॉकेट भलत्या बाजूला, हवेत, कापायला जातो आणि काही कापलं गेलं नाही असा एरर येतो, रिव्हर्स्डवर टिक करा, झालं. 3.4 का आणि 3 का नाही? कारण एम3 म्हणजे स्क्रूचा व्यास, भोकाला मोकळीक लागते, आयएसओच्या मीडियम फिटला एम3 साठी 3.4 आणि एम5 साठी 5.5. आटे पाडायचे असतील तर उलटं, एम5 च्या टॅपसाठी ड्रिल 4.2. हे आकडे छापून भिंतीला चिकटवा, रोज लागतात.

फिलेट सगळ्यात शेवटी. ब्लेंडरमध्ये बेव्हल कधीही मारतो, इथे आधी मारलं तर पुढची फीचर्स त्या गोल कडेला धरून बसतात आणि त्रिज्या बदलली की मागची रांग कोसळते. एलच्या आतल्या कोपऱ्याला 3 मिमी द्या, तो दिसण्यासाठी नाही, मोटर ओढ घेते तेव्हा ताण बरोबर त्या कोपऱ्यात साचतो आणि तीक्ष्ण कोपरा तिथेच तडकतो.

ती जुनी डोकेदुखी म्हणालो ती इथलीच. कॅड आतल्या आत पृष्ठांना आणि कडांना नावं देतं, आणि मागचं काही बदललं की ही नावं सरकायची, त्यामुळे एखाद्या पृष्ठावर बसवलेलं स्केच अचानक दुसऱ्याच पृष्ठावर जाऊन बसायचं. 1.0 मध्ये हे पुष्कळ सुधारलंय, तरी सवय चांगली ठेवा, स्केच शक्यतो ओरिजिनच्या प्लेनवर नाहीतर डेटम प्लेनवर (आपण संदर्भासाठी ठेवलेल्या प्लेनवर) घ्या, तयार झालेल्या पृष्ठावर नको. वरच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही स्केच ओरिजिनच्या प्लेनवर आहेत ती त्यासाठीच. आणि 31, 22.5, 6 हे आकडे स्केचमध्ये टाइप करण्यापेक्षा स्प्रेडशीटमध्ये नाव देऊन ठेवा आणि मापाच्या खान्यातल्या एफएक्सच्या खुणेवरून जोडा, उद्या नेमा 23 साठी हाच ब्रॅकेट करायचा तर आकडे तेवढे बदला.

आता पायात दोन एम5 ची लांबट भोकं द्या, शाफ्टवरच्या पुलीचा बेल्ट ताणायला ब्रॅकेट पुढेमागे सरकवता यायला हवा. झालं, पार्ट छान दिसतो. आणि इथेच थांबू नका, असेंब्ली करा. मोटरची स्टेप फाइल (सगळी कॅड सॉफ्टवेअर वाचतात तो फॉरमॅट) मोटर बनवणाऱ्याच्या साइटवर नाहीतर ग्रॅबकॅडवर मिळते, ती आणा, ब्रॅकेटवर बसवा, एम5 चे ॲलन बोल्टही बसवा. मोटर पायाच्या वर आली तर काय होतं बघा, शाफ्टपासून पायाच्या वरच्या बाजूपर्यंत 24, मोटरचा अर्धा भाग 21.15, उरली 2.85 ची फट, आणि एम5 ॲलन बोल्टचं डोकं 5 मिमी उंच. बोल्टचं डोकं मोटरमध्ये घुसतं. 30 च्या जागी 34 करून फट 6.85 होईल, डोकं मावेल, पण वरून ॲलन की घालायला जागा कुठाय? मोटर काढल्याशिवाय बोल्ट आवळता येणार नाही, म्हणजे बेल्ट ताणायची सोयच गेली. उपाय सोपा आहे, मोटर उभ्या प्लेटच्या मागच्या बाजूला आणि पाय पुढे, शाफ्टच्या बाजूला. पुली छोटीच असते, तिच्याखाली बोल्टला भरपूर जागा मिळते. एकट्या पार्टकडे कितीही वेळ बघितलं असतं तरी हे दिसलं नसतं. ॲनिमेशनमध्ये एक मेश दुसऱ्यात घुसला तर कॅमेरा फिरवून भागतं, इथे बोल्ट घुसत नाही. पाना कुठून जाणार, हात कुठून जाणार, पार्ट कुठल्या क्रमाने बसणार, हे असेंब्लीत रोज विचारायचं.

स्क्रूचंही गणित करा. प्लेट 6, मोटरमधली भोकं साडेचार मिमीच्या आसपास खोल असतात, म्हणजे एम3 बाय 10 घेतला तर 4 मिमी आत जातो, बरोबर. 12 चा घेतला तर तळाला टेकतो, डोकं वरच राहतं आणि मोटर खुळखुळते.

हा पार्ट बनणार कशाने, हा प्रश्न तर मॉडेल करायला बसायच्या आधीचा. थ्रीडी प्रिंट करणार असाल तर ब्रॅकेट बेडवर आडवा ठेवा, म्हणजे एलची बाजू बेडला टेकलेली, उभा ठेवला तर थर नेमके कोपऱ्यातून सुटतात, आणि मटेरियल पीएलए नको, स्टेपर मोटर चांगली तापते आणि पीएलए 60 अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, पीईटीजी नाहीतर एबीएस घ्या. व्हीएमसीवर (उभ्या कटरच्या सीएनसी मशीनवर) ॲल्युमिनियममधून काढणार असाल तर आतला उभा कोपरा कधीच तीक्ष्ण निघत नाही, कटर गोल असतो, त्यामुळे पॉकेटच्या कोपऱ्याची त्रिज्या कटरच्या त्रिज्येपेक्षा थोडी जास्त द्या. पत्र्याचा करणार असाल तर 6 मिमीचा विचार सोडा, 2-3 मिमी पत्रा, बेंडची आतली त्रिज्या साधारण पत्र्याच्या जाडीएवढी आणि भोकं बेंडपासून लांब, नाहीतर वाकवताना भोक लांबट होतं. मोल्डिंगच्या प्लास्टिकला सगळीकडे सारखी भिंत आणि एखाद अंशाचा ड्राफ्ट (साच्यातून सुटायला दिलेला उतार) लागतो. तुमच्या जवळ एखादं वर्कशॉप असेल तर एक दुपार तिथे काढा, टर्नरला नाहीतर फिटरला विचारा की माझ्या ड्रॉइंगमध्ये काय खटकतंय. कुठलाही व्हिडिओ एवढं शिकवत नाही.

ड्रॉइंग टाळू नका. थ्रीडी फाइल दिली तरी शॉपफ्लोअरवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कागदावरूनच वाचतात. वेगवेगळ्या बाजूंची दृश्यं कागदावर मांडायची पद्धत आपल्याकडे फर्स्ट अँगल चालते, अमेरिकन क्लायंट असेल तर थर्ड अँगल, शीटवर ती खूण न विसरता टाका, ती चुकली की आरशातला पार्ट बनून येतो. प्रत्येक मापाला बारीक टॉलरन्स देऊ नका, खर्च चढतो. आयएसओ 2768 चा एम वर्ग लिहिला की 30 ते 120 च्या मापांना ±0.3 आपोआप लागू होतो, आपल्या ब्रॅकेटमध्ये फक्त 31 च्या अंतराला ±0.1 लिहा, बाकी सगळं जनरलवर सोडा.

जुनी ब्लेंडरची मॉडेल्स कॅडमध्ये आणता येतील का, हे सगळेच विचारतात. आणता येतात, पण हजारो त्रिकोणांची हजारो पृष्ठं होतात, फाइल जड, फिलेट लागत नाही, माप बदलता येत नाही. माझं मत ठाम आहे, कन्व्हर्ट करू नका, मेश अंडरले म्हणून आणा आणि त्यावरून नवीन स्केच काढा. आणताना युनिट बघा, ब्लेंडरमध्ये एक युनिट म्हणजे मीटर आणि एसटीएलमध्ये (त्रिकोणांच्या मेश फाइलमध्ये) युनिट लिहिलेलंच नसतं, त्यामुळे 1 मीटरची वस्तू पलीकडे 1 मिमीची होऊन पडते, एक्स्पोर्टला स्केल 1000 द्या आणि त्याआधी कंट्रोल-ए करून स्केल अप्लाय करा. उलट दिशेला, कॅडमधून ब्लेंडरमध्ये रेंडरसाठी न्यायचं असेल तर ओबीजे किंवा जीएलटीएफ काढा. दुसऱ्या कॅडवाल्याला द्यायचं असेल तर नेहमी स्टेप, एसटीएल फक्त प्रिंटरसाठी.

सब-डी वर (जाड मेशवरून गुळगुळीत आकार काढण्यावर) ज्यांचा हात खरंच चांगला आहे त्यांनी तो सोडायची गरज नाही. फ्यूजनमध्ये फॉर्म नावाचं वातावरण आहे, टी-स्प्लाइनवर चालतं, तिथे एज आणि फेस ओढूनच आकार काढतात आणि शेवटी तो पक्क्या सॉलिडमध्ये जातो. राइनोत सब-डी 2020 च्या सातव्या व्हर्जनपासून आलंय, क्रिओत फ्रीस्टाइल आहे. हेअर ड्रायर, माऊस, हेल्मेट, बाईकची टाकी, असले हातात धरायचे वळणदार आकार स्केच-पॅडने नीट येत नाहीत, तिथे तुमची नजर कामाला येते. गाड्यांच्या बाहेरच्या पृष्ठांसाठी एलियस वापरतात, ते आणि माया एकाच घरातली, 1998 मध्ये माया काढली तीच एलियसचीही मूळ कंपनी, 2006 मध्ये ती ऑटोडेस्कने घेतली. हायलाइट कुठे तुटतो, रिफ्लेक्शन कुठे डळमळतं हे तुम्हाला आधीच दिसतं, फक्त आता ते कर्व्हेचरच्या कंटिन्युइटीने मोजायला शिकायचं, जी1 म्हणजे स्पर्शिका जुळली, जी2 म्हणजे वक्रताही जुळली.

पोर्टफोलिओत रेंडर टाका, ते तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं जमतं, पण प्रत्येक रेंडरच्या शेजारी त्याच पार्टचं ड्रॉइंग, ट्रीचा स्क्रीनशॉट ज्यात फीचर्सना नीट नावं दिलीत, असेंब्लीचा सेक्शन आणि शक्य असेल तर प्रिंट केलेल्या खऱ्या वस्तूचा व्हर्नियर लावलेला फोटो ठेवा. इंटरव्ह्यूत समोरचा माणूस बहुतेक वेळा फाइल उघडायला सांगतो आणि म्हणतो, ही जाडी 6 ची 8 करून दाखवा. तेव्हा बाकी सगळं न तुटता बदललं पाहिजे, म्हणून पाठवायच्या आधी प्रत्येक फाइलमधली दोन-तीन मोठी मापं स्वतः वरखाली करून बघा, आणि जिथे लाल एरर येईल ते स्केच उघडून नीट बांधा.